तिसरं तिकीट

बाबा तिला ‘आपली टीम’ म्हणत, आई ‘तुमची टीम’ म्हणे, आणि मी तिला काहीच म्हणत नसे. या प्रकरणातही तिचं नाव येणार नाही. चाळीस वर्षं पाळलेला हट्ट आहे, आता या वयात कशाला सोडा. नाव आलं नाही म्हणून वाचकाचं काही बिघडणार नाही, कारण ती टीम आता कुठेच नाही. दोन वसंत ती डेट्रॉइटच्या बाजूला खेळली. पहिल्या वर्षी सगळ्या लीगमध्ये पहिली आली, दुसऱ्या वर्षी हरली आणि तिसऱ्या वर्षी नव्हती. राजघराणी इतक्या थोडक्यात आटोपली असती तर शाळेत मला इतिहासात बरे मार्क पडले असते.

अमेरिकन फुटबॉल हा पानगळीच्या दिवसांतला खेळ. डेट्रॉइटची जुनी टीम त्या दिवसांत खेळत असे आणि बहुधा हरत असे, आणि लोक तिच्यावर घरातल्या बिनकामाच्या भावावर करावं तसं प्रेम करत. मग काही श्रीमंत गृहस्थांच्या डोक्यात आलं की लोकांना हा खेळ वसंतातही हवा आहे. लोकांनी तसं सांगितलं नव्हतं, पण श्रीमंतांना लोकांच्या मनातलं आधी कळतं. त्यांनी नवी लीग काढली, गावोगावी टीम वाटून घेतल्या, आणि आमच्या टीमचं बारसं एका हॉटेलात झुंबराखाली झालं. मखमली कापडाखाली हेल्मेट झाकून ठेवलं होतं, बँड वाजला, कापड ओढलं, आणि जमलेल्या लोकांनी एका रिकाम्या हेल्मेटला उभं राहून टाळ्या वाजवल्या. हे बाबांनी टीव्हीवर पाहिलं आणि साताऱ्याला पत्रातून कळवलं. पुतळ्याचं अनावरण असतं ना, लिहिलं होतं, तसंच, फक्त यांचा माणूस अजून मरायचा आहे.

बाबा आमच्याआधी तीन वर्षं अमेरिकेत होते. आमचे कागद यायचे होते. कुठून, कोणाकडून, हे मला तेव्हाही कळलं नाही. घरात नुसतं ‘कागद आले की’ असं म्हणत, जसे काही ते पायी निघाले होते. बाबा एका मोटारीच्या कंपनीत दारांच्या बिजागऱ्यांचं डिझाइन करत आणि डेट्रॉइटजवळ नोव्हाय गावात एका लहानशा अपार्टमेंटमध्ये राहत. त्या काळी नोव्हायमध्ये मराठी घरं अगदी थोडी होती, आणि त्यातलं देवधरांचं घर बाबांच्या इमारतीपासून चालत जाण्याजोगं. देवधर काका डॉक्टर होते आणि महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. यातला कुठला व्यवसाय मुख्य, हे त्यांच्याकडे पाहून सांगता येत नसे. काकू एकट्या राहणाऱ्या बाबांना रविवारी जेवायला बोलवत. आणि त्यांना एक मुलगी होती, नीना, माझ्याच वयाची, तिथेच जन्मलेली.

नीना मला आधी पत्रांतून माहीत झाली. बाबांचं निळं एरोग्राम आठवड्याला एक येई, आणि आई ते स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून मोठ्याने वाचे. टीम निघाल्यापासून पत्रांना रंग चढला. बाबांनी दोन सीझन तिकिटं काढली होती, स्वतःसाठी एक आणि देवधर काकांसाठी एक, पण काकांना रविवारी हॉस्पिटल असे नाहीतर मंडळ, म्हणून नीना जाई. नीनाला खेळ बरा कळतो. नीना म्हणाली आपला बॉल फेकणारा डावखुरा असता तर. नीनाने आज घसा बसेपर्यंत ओरडून घेतलं. मी चौथीपासून दर वर्षी चित्रकलेत पहिली येत होते. बाबांच्या उत्तरात त्याला एक ओळ असे, आणि नीनाच्या घशाला पाऊण पान. शेवटच्या सामन्यात, दुसऱ्या गावी, टीम लीगमध्ये पहिली आली तेव्हा आलेलं पत्र आईने अर्ध्यातच घडी करून ठेवलं. मी म्हटलं, पुढे वाच की. आई म्हणाली, पुढेही तेच आहे.

ऑगस्टमध्ये आमचे कागद पोचले आणि आम्ही पोचलो. विमानतळावर बाबांशेजारी एक उंच मुलगी उभी होती, दातांवर तारा, अंगात टीमची जर्सी. तिने मला मिठी मारली. मी साताऱ्याहून आले होते, तिथे कोणी कोणाला मिठ्या मारत नसे. मी खांबासारखी उभी राहिले. गाडीत बसताना ती सवयीने पुढे बाबांशेजारी बसली, मग जीभ चावून उतरली आणि आईला जागा दिली. मला कोणती जागा द्यायची हा प्रश्नच नव्हता. मागे भरपूर जागा होती.

त्या पहिल्या हिवाळ्याबद्दल खूप लिहिण्यासारखं नाही. बाबांनी अपार्टमेंट सोडून आमच्यासाठी भाड्याने घेतलेल्या घराला आवाज नव्हता, हे मुख्य. साताऱ्यात सकाळी नळ, शेजारच्यांचा रेडिओ, भांडीवाली. इथे जमिनीतल्या जाळीतून गरम हवा सुस्कारा टाकल्यासारखी यायची आणि थांबायची, बस. आई नाश्त्याच्या फुगवलेल्या तांदळांचा चिवडा करायला शिकली आणि काकूंनी तिला पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम शिकवले, ज्यांना दोघी एकमेकींसमोर ‘अगदी तसेच’ म्हणत. मंडळाच्या नाटकाच्या तालमी देवधरांच्या बेसमेंटमध्ये चालत आणि बाबा प्रॉम्प्टर असत. साताऱ्यातही ते प्रॉम्प्टरच होते. त्यांनी जन्मात कधी स्टेजवर भूमिका केली नाही आणि कधी तालीम चुकवली नाही. प्रयोगाच्या दिवशी मात्र त्यांचा उत्साह गेलेला असे. मला म्हणत, प्रयोग काय कोणीही बघतं, मजा तालमीत. मला ते काहीतरी बोलायचं म्हणून बोललेलं वाटे.

माझ्या मत्सराची खरी जागा वेगळीच होती, आणि ती सांगायला मला आजही संकोच वाटतो. बाबांची आणि नीनाची एक भाषा होती. नीनाचं मराठी म्हणजे ‘काकू, मला पाणी पाहिजेल’ इथपर्यंत. पण खेळाचं बोलायला लागली की तिच्या तोंडून असे शब्द निघत, की मी घास हातात धरून ऐकत बसे. बॉल फेकणारा खेळाडू, ज्याच्याभोवती सगळा खेळ फिरतो, तो ‘सूत्रधार’. त्याच्यापुढे वाकून उभ्या राहणाऱ्या अगडबंब लोकांची रांग म्हणजे ‘तटबंदी’. खेळाडू डोकी जुळवून कुजबुजतात ते ‘खलबत’. तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आलं नाही की चौथ्यात बॉल लाथेने दूर समोरच्यांच्या हवाली करतात, ती ‘पाठवणी’. हे सगळं बाबांनी केलेलं मराठीकरण. नीना सोफ्यावर पाय घेऊन बसायची आणि म्हणायची, “काका, तटबंदी वॉज टेरिबल, सूत्रधार काय करेल?” आणि बाबा हसायचे. मला मराठी शुद्ध येत होतं, व्याकरणासकट, आणि मला त्यातला एकही शब्द कळत नव्हता.

वसंताच्या आधी, बर्फ अजून रस्त्याकडेला काळं होऊन पडलेलं असताना, नव्या सीझनची तिकिटं आली. दोन. बाबांनी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली, हात पुसले आणि मला विचारलं, “मंजू, तुझ्यासाठी तिसरं तिकीट काढू का?”

आता मला कळतं की प्रश्न साधा होता. बिजागऱ्या करणाऱ्या माणसाचे प्रश्न साधेच असतात. पण मला त्यातला फक्त ‘तिसरं’ हा शब्द ऐकू आला. पहिलं त्यांचं, दुसरं नीनाचं, तिसरं माझं. मी म्हटलं, “मला नाही आवडत ती धटिंगणांची कुस्ती.” बाबांनी मान हलवली. माझी अपेक्षा होती की ते पुन्हा विचारतील. सगळ्या साताऱ्यात पद्धत होती: पाहुण्याला एकदा विचारलं की तो नको म्हणतो, दुसऱ्यांदा विचारलं की कशाला म्हणतो, आणि तिसऱ्यांदा विचारलं की पान वाढतात. बाबा चार वर्षांत ते विसरले होते. मी नको म्हटलं, त्यांनी ते खरं मानलं. तो सगळा वसंत मी दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट पाहिली.

दर घरच्या सामन्याला आई थालीपीठं करी. स्टेडियममध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नसत, म्हणून ती फॉइलमध्ये गुंडाळून बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात जात. गुंडाळायचं काम माझ्याकडे होतं. दोन बाबांची, दोन नीनाची. नीनाच्या दोनांत लोणी थोडं कमी लावण्याइतपत मी खाली उतरले होते, हे नोंदवून ठेवते. मग घरामागच्या पार्किंगमध्ये नीनाचा आवाज, दारं आपटल्याचे दोन आवाज, आणि पुढचे चार तास जाळीतून येणारी हवा. स्टेडियमबद्दल मला जे माहीत होतं ते बाबांच्या बोलण्यातून. त्याचं छप्पर पांढऱ्या कापडाचं होतं आणि ते नुसत्या आतल्या हवेच्या दाबावर उभं होतं. बाबांना खेळापेक्षा बहुधा त्या छपराचंच जास्त कौतुक असावं. बाहेर पडताना ती दाबलेली हवा माणसाला दारातून ढकलून देते, ते सांगत, उंबरठ्यावरून कोणीतरी पाठीवर थाप द्यावी तशी. मला ती थाप हवी होती.

दुसऱ्या वर्षी टीमचं बिनसलं. सूत्रधाराचा सर्वांत भरवशाचा जोडीदार जायबंदी झाला, बाकीचे बिचकले, आणि शेवटी जेमतेम बाद फेरीपर्यंत पोचलेल्या टीमचा एकच सामना उरला. त्या रविवारी आई आणि मी हिरव्या सफरचंदांचं लोणचं घालत होतो, कारण कैरी मिळत नव्हती आणि आईला हार मान्य नव्हती. सकाळी आईने बाबांना म्हटलं होतं, “आज मंजूला न्या की हो. शेवटची मॅच आहे म्हणता.” बाबा बुटाच्या नाड्या बांधत होते. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, “नीनाला सांगितलंय. आणि मंजूला आवडत नाही ना?” मी सफरचंद चिरत होते. मी म्हटलं, नाही आवडत. माझ्या हाती सुरी असताना विचारलेला प्रश्न, आणि तोही असा, म्हणून मी तो दुसऱ्यांदा विचारलेला धरला नाही.

ते परत आले तेव्हा लोणच्याच्या बरण्यांना झाकणं लागली होती. वेळ संपली तेव्हा सामना बरोबरीत होता, मग जादा वेळ, मग आणखी जादा वेळ, आणि शेवटी आपल्या माणसाने लाथेने मारलेला बॉल दोन खांबांच्या बाहेरून गेला आणि थोड्याच वेळात त्यांच्या माणसाचा आतून. बाबा हे सांगत असताना नीना दारातच उभी होती, डोळे सुजलेले. अर्धं स्टेडियम आधीच उठून गेलं होतं, बाबा म्हणाले, मीही उठलो होतो, गाड्यांची गर्दी व्हायच्या आत निघावं म्हणून. पण हिने हात धरून बसवलं. म्हणाली, काका, बसू या शेवटपर्यंत. आपण गेलो तर ते कोणासाठी खेळतील? मी नीनाकडे पाहिलं. एवढं चांगलं वाक्य तिला सुचलं याचा मला राग आला. मी तिथे असते तर मलाही सुचलं असतं. मी नव्हते, एवढीच अडचण.

पुढचा भाग मोठ्या माणसांच्या शहाणपणाचा. लीगच्या मालकांनी ठरवलं की वसंतात खेळणं कमीपणाचं आहे, आपण जुन्या लीगशी पानगळीतच दोन हात करू. ते त्यांनी पुन्हा एका हॉटेलात, पुन्हा बँड लावून जाहीर केलं. फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती: पानगळीत ते हवेवरचं छप्पर जुन्या टीमच्या ताब्यात असे. आमच्या टीमला उभं राहायला जागा नव्हती. सप्टेंबरात बातमी आली की ती पश्चिमेकडच्या एका गावच्या टीममध्ये विलीन झाली. बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, “मराठीत विलीन म्हणतात ते एका अर्थी बरं आहे. निदान काही उरलं असं वाटतं.” मला आनंद झाला. तो इथे लपवत नाही. मला वाटलं, आता रविवार मोकळे झाले.

ते मोकळे झाले नाहीत, कारण बाबांनी टीमचा इतिहास लिहायला घेतला. मंडळाचा दिवाळी अंक निघायचा. त्या काळी अमेरिकेत मराठी टाइप करायचं कोणाकडे काही नव्हतं, त्यामुळे ज्यांचं अक्षर बरं त्यांनी सगळे लेख हाताने उतरवून काढायचे आणि मग कोणाच्या तरी ऑफिसात, साहेब घरी गेल्यावर, झेरॉक्स मशीनवर अंक छापायचा. त्या वर्षी मंडळातलं सर्वांत ताजं अक्षर माझं होतं, साताऱ्याच्या पाट्या-वह्यांवर घोटलेलं. अख्ख्या अंकातली पाकक्रिया, अध्यक्षीय मनोगत, सुट्टीतल्या धबधब्याचं प्रवासवर्णन, सगळं माझ्या हातून उतरलं. आणि बाबांचा लेखही. पण तो त्यांनी लिहून दिला नाही; त्यांनी येरझाऱ्या घालत सांगितला आणि मी लिहून घेतला, पाच-सहा रविवार. मला हवे होते ते रविवार मला मिळाले, आणि प्रत्येकात नीना होती. बारशापासून विलीनीकरणापर्यंत नीना टाळ्या वाजवत होती, रडत होती, थालीपीठ खात होती. बाबा एकेका तपशिलासाठी अडून बसत. बाहेर पाऊस होता की धुकं, हे आठवेपर्यंत पुढचं वाक्य देत नसत. इतिहास आहे, म्हणत, त्यात आपल्या सोयीचं काही घालायचं नाही.

शेवटचा परिच्छेद त्यांनी सांगितला तो म्हणजे शेवटचा सामना आणि नीनाचं ते वाक्य. मी लिहून घेतलं. मग पक्की प्रत करायला बसले तेव्हा दाराबाहेर पानं गोळा करायच्या दाताळ्याचा आवाज येत होता, बाबा अंगण झाडत होते. मी संबंध लेख इमानदारीने उतरवला. पहिल्या वर्षाला हात लावला नाही, तेव्हा मी साताऱ्यात होते हे सगळ्यांना माहीत होतं. मत्सराच्या भरातही मी हिशोबी होते, हे माझं मलाच आवडलं नव्हतं. शेवटच्या परिच्छेदात नीनाच्या जागी मी माझं नाव लिहिलं, आणि ‘काका’च्या जागी ‘बाबा’. बाकी एक काना इकडचा तिकडे केला नाही. अक्षर खरोखर सुंदर आलं होतं.

दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. आगीचा गजर वाजेल म्हणून समईत वात न लावता छोटा बल्ब लावला होता, आणि देवधर काकांनी तो बटण दाबून पेटवताना डोळे मिटून श्लोक म्हटला. मग त्यांचं भाषण झालं, ज्यात ‘सातासमुद्रापार’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला. मग अंकाचं प्रकाशन. आणि मग काकांनी, कार्यक्रमपत्रिकेत नसताना, जाहीर केलं की या अंकातला आपल्या गावच्या टीमचा लेख अभूतपूर्व आहे, तेव्हा लेखकाने तो वाचून दाखवावा. लेख काकांनीही वाचलेला नव्हता हे उघड होतं. बाबांनी अंक तिथेच पहिल्यांदा हातात घेतला. मी फराळाच्या टेबलाशी होते. माझ्या हातात चकली होती आणि ती मी कार्यक्रम संपेपर्यंत खाल्ली नाही.

बाबा प्रॉम्प्टरसारखं वाचत, आवाज न चढवता, स्वच्छ. लोक हसले, ‘पाठवणी’ला तर खूप हसले. तिसऱ्या रांगेत नीना घागरा-चोळीत बसली होती. तिला मराठी वाचता येत नसे, पण ऐकलेलं कळे, आणि प्रत्येक वेळी आपलं नाव आलं की ती खुर्चीत थोडी वर होई. शेवटचा परिच्छेद आला. बाबा थांबले. लोकांना वाटलं गहिवरले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, तिसऱ्या रांगेकडे मात्र पाहिलं नाही. आणि कागदावर होतं तसंच त्यांनी वाचलं. “मंजिरीने माझा हात धरला. म्हणाली, बाबा, बसू या शेवटपर्यंत. आपण गेलो तर ते कोणासाठी खेळतील?” टाळ्या पडल्या. एका मावशींनी येऊन माझ्या गालावरून हात फिरवला. नीनाही टाळ्या वाजवत होती. काकू मान वळवून तिच्याकडे पाहत होत्या.

गाडीत आई म्हणाली, “अहो, मंजू कधी गेली होती? त्या दिवशी आम्ही दोघी लोणचं घालत होतो.” बाबा म्हणाले, “होती.” आईने खिडकीबाहेर बघितलं. घरी आल्यावर बाबांनी कोट खुंटीला लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “नीनाला काय सांगायचं ते तुझं तू बघ. पण अंक घरोघरी गेलाय. लोक तुला त्या मॅचबद्दल विचारतील. तुला ती पाहिलेली असावी लागेल. उद्यापासून बसू.”

आणि आम्ही बसलो. ही शिक्षा असेल तर अशी शिक्षा कोणाला झालेली मी ऐकलेली नाही. जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली सूत्रधार, चमचे तटबंदी, मोहरीचे दाणे प्रेक्षक. बाबांनी तो अख्खा सामना, जादा वेळेसकट, चाल चाल करून मला दाखवला. सबंध पानगळ गेली. चुकलं की मागून घ्यायचं. कुठल्या चालीनंतर चूक दाखवणारा पंचाचा पिवळा रुमाल पडला, कोणाचा बूट निघाला, छपराखालच्या हवेत किकचा आवाज कसा उशिरा पोचतो. मी सगळं पाठ केलं. वर्षभर वाट पाहिलेले बाबा माझ्यासमोर दोन हातांवर होते, आणि दर पाच मिनिटांनी थांबून म्हणत, इथे नीना म्हणाली की. ते मुद्दाम नव्हते म्हणत. त्यांना तो सामना तिच्याशिवाय आठवतच नव्हता. मी मोहरीचा एक दाणा नीनासाठी वेगळा ठेवू लागले, आणि शेवटी शेवटी तो टेबलाच्या अगदी कडेला.

नीनाला मी काही सांगितलं नाही. ती आमच्याकडे रविवारी येईनाशी झाली, पण टीमच उरली नव्हती, त्यामुळे येण्याचं कारणही नव्हतं. ती रागावली की नाही हे ठरवायला पुरावा नव्हता. या पळवाटेवर मी बरीच वर्षं काढली. ती वकील झाली, दूर दक्षिणेला अल्फारेटा गावी गेली, लग्नाकार्यात भेटत राहिली, दर वेळी मिठी मारून. मला आता मिठ्या मारता येत होत्या.

बाबा मागच्या हिवाळ्यात गेले. चौदाव्याला नोव्हायच्या घरी माणसं जमली, आणि जुनी माणसं एकत्र आली की होतं तसं बोलणं त्या टीमवर गेलं. कोणीतरी म्हणालं, मंजू, तू होतीस ना त्या शेवटच्या मॅचला, सांग की. मी सांगितली. चाळीस वर्षांत ती मी पुष्कळदा सांगितली आहे आणि आता ती मला चांगली येते. छपराखालून उशिरा येणाऱ्या आवाजापाशी लोक श्वास धरतात. नीना दाराला टेकून ऐकत होती. नंतर ती स्वयंपाकघरात आली, मी विसळलेली भांडी पुसायला लागली. मी म्हटलं, नीना, त्या लेखात तुझं नाव मी काढलं होतं. बाबांनी नाही.

“आय नो,” ती म्हणाली. “स्टेजवर काकांचा चेहरा बघितला ना मी.” पुसलेली वाटी तिने चुकीच्या फडताळात ठेवली. “मी खूप रडले त्या दिवशी. पण मला वाटलं, इट्स ओके, ते तुझंच होतं.”

मी म्हटलं, माझं काय होतं? तू होतीस तिथे.

“मंजू, तुला खरंच माहीत नाही?” तिने फडकं खांद्यावर टाकलं. “ते सगळे वर्ड्स, सूत्रधार, तटबंदी, तुला वाटतं माझ्यासाठी होते? मी इथे जन्मले, यार, मला फुटबॉल माहीत होतं. पहिल्या मॅचपासून काका मध्येच थांबायचे. थांब नीना, म्हणायचे, हे मराठीत कसं सांगायचं? मंजू येणार आहे, तिला सगळं सांगायला लागेल. माझ्यावर ट्राय करून बघायचे. मला कळलं तर तुला कळेल. मला इतका राग यायचा तुझा. तू तर आलीही नव्हतीस.” मग ती हसली. “आणि तू आलीस आणि म्हणालीस, मला आवडत नाही.”

बाहेरच्या खोलीत देवधर काका, नव्वदीतले, बाबांबद्दल चार शब्द बोलायला उभे राहत होते आणि लोक त्यांना बसा बसा म्हणत होते. नीना ओळखीचं काही आठवावं तशी माझ्याकडे बघत होती. “काय म्हणता तुम्ही लोक त्याला? नाटकाच्या आधी बेसमेंटमध्ये करायचे ते. तालीम. मी तालीम होते तुझी.”

मी नळ बंद केला. तिला वाटलं असणार, हे ऐकून मला हायसं वाटेल, आणि थोडा वेळ वाटलंही. मग बेसमेंटच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेले बाबा आठवले, चेहरा उजळलेला, आणि प्रयोगाच्या दिवशी विंगेतले, थकलेले. दोन वसंत ती सगळी तालीम त्या पांढऱ्या छपराखाली नीनाला मिळाली. माझ्या वाट्याला मोहरीच्या दाण्यांवरचा प्रयोग आला, पाठ झालेला, बिनचूक. मी दुसरी वाटी तिच्या हातात दिली. तिचा हेवा मला अजून वाटतो, आणि आता तर कारणही कळलं आहे.